क्लचकाकूंची रोजनिशी

"तुम्ही कशासाठी जगता?" हा प्रश्न गोलातल्या खुर्च्यांवरून फिरत फिरत शेवटी क्लचकाकूंपाशी येऊन थांबला.

काकू त्या गोलातल्या नव्हत्याच. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रोजनिशी लिहायला शिकवणारा एक वर्ग चालायचा. काकूंकडे गाडी शिकणाऱ्या एक बाई त्या वर्गाला यायच्या, आणि वर्ग सुटला की त्यांना घेऊन काकूंना रस्त्यावर निघायचं होतं. खाली गाडी तापून लाल झालेली आणि वर पंखा, एवढंच काकूंचं तिथं बसण्याचं कारण. पण वर्ग घेणाऱ्या बाई जुन्या परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. खोलीत आलेल्या माणसाला नुसतं बसू देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"मी परवान्यासाठी जगते," काकू म्हणाल्या. "लोकांच्या."

सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत.

"आणि त्यांना परवाना मिळाला की?"

"की ते जातात."

"आणि तुम्ही?"

"मी पुढच्याला घेते."

सिस्टरनी कपाटातून एक साधी, रेघांची वही काढून काकूंच्या मांडीवर ठेवली. काकू म्हणाल्या, "अहो, मला कुठला वेळ? आणि हेतू-बितू मोठ्या माणसांचे असतात. आमचं आपलं जमेल तसं."

"दात घासायला वेळ मिळतो ना? तेवढाच लागतो. हेतू शोधू नका. दिवसात जे झालं ते लिहा, आणि कुठं जीव रमला, कुठं नुसतं तोंडदेखलं केलं, तेही लिहा. खोटं मात्र लिहू नका. ही तपासायला कोणी येत नाही, त्यामुळं खोटं लिहून फायदा कोणालाच नाही."

काकूंनी वही घेतली, कारण नाही म्हणत बसण्यापेक्षा घेणं सोपं होतं.

गाडी शिकवण्याच्या शाळेत काकूंचं 'क्लचकाकू' हे नाव कोणी पाडलं, ते कोणालाच आठवत नाही. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत त्या "क्लच... क्लच... अहो, क्लच" असं म्हणत राहायच्या, आवाज न चढवता, जसं कोणी तान्ह्या मुलाला थोपटतं तसं. शाळेतले बाकीचे शिक्षक ओरडायचे. काकूंच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता, आणि त्यांचं म्हणणं असं की, ज्याच्या पायाशी ब्रेक आहे त्याला ओरडायची गरजच काय?

म्हणून ज्यांचं दुसरीकडे जमत नसे ते सगळे त्यांच्याकडे यायचे. वर्गातल्या त्या बाई त्यांतल्याच. त्या पाळणाघर चालवत, आणि काकू त्यांना ताई म्हणत. एके दुपारी पाळणाघरातल्या एका मुलाला फिट आली. त्याला कडेवर घेऊन ताई रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि एकही गाडी थांबेना. मूल वाचलं, पण घरी जाऊन त्यांनी ठरवलं की पुन्हा कोणाच्या गाडीची वाट पाहायची नाही. ठरवणं सोपं होतं. पहिल्या शाळेतल्या शिक्षकानं त्यांच्यावर अशी काही आरडाओरड केली की आता वर्दळीचा चौक आला की ताई स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करायच्या, कोणी बंदूक रोखल्यासारख्या.

"ताई, हात खाली," काकू शांतपणे म्हणायच्या आणि आपल्या पायानं गाडी थांबवायच्या. "शरण कोणाला जाताय? तो समोरचा सायकलवाला तर तुम्हालाच घाबरलाय."

काकूंचे यजमान, म्हणजे काका, एके काळी टॅक्सी चालवायचे. शहरातला प्रत्येक बोळ त्यांना तळहातासारखा माहीत. मग डोळ्यांचे पडदे झिजत चालले. आधी कडेचं दिसेना, मग संध्याकाळचं, आणि मग उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायला लागला. मुलगा तेव्हा शाळेत होता. दिसत होतं तोवर काकांनी काकूंना शेजारी बसून गाडी शिकवली. काही दिवस काकूंनी तीच टॅक्सी चालवली, नंतर ती विकून या शाळेत नोकरी धरली. मुलगा शिकला, दुसऱ्या गावी नोकरीला लागला. अजूनही फोनवर तो बायकोला सांगताना काकूंना ऐकू यायचं, "आईनं आमच्यासाठी आयुष्य घातलं." शेजारीपाजारी, नात्यागोत्यात, सगळे हेच म्हणायचे. काकू मान खाली घालून ऐकायच्या. कौतुकाच्या भरात दिलेली साडी जरा जास्तच भारी असली तरी माणूस परत करत नाही, तसंच ते.

त्या संध्याकाळी वही पाहून काका म्हणाले, म्हणजे हातात घेऊन चाचपून म्हणाले, "काय आणलंस हे?"

"रोजनिशी. मी कशासाठी जगते ते यातून कळणार आहे."

"मग मलाही सांग. मी केव्हापासून विचारतोय."

काकूंनी लिहिलं. काकांनी वाचायला लावलं. काकूंनी वाचलं, "आज शिकवलं. गाडीत पेट्रोल भरलं. टायर बसला होता, हवा भरली. घरी आले."

"ही रोजनिशी आहे की पोलीस चौकीतली नोंद?" काका म्हणाले. "टायरचं तेवढं बरं लिहिलंयस."

पण काकूंचा स्वभाव असा की हाती घेतलेलं अर्धवट टाकायचं नाही. त्या लिहीत राहिल्या. दोन शिकवण्यांच्या मधे गाडी झाडाखाली लावायची आणि वही स्टिअरिंगवर टेकवून लिहायचं. हळूहळू नोंदी लांबायला लागल्या. एका म्हाताऱ्या वकिलांबद्दल त्यांनी लिहिलं की, ते गिअर बदलण्याआधी गाडीची परवानगी मागतात. एका नवऱ्यामुलाबद्दल लिहिलं की, त्याला रिव्हर्स जमत नाही, कारण मागं वळून पाहणं त्याला कमीपणाचं वाटतं. ताईंबद्दल तर पानंच्या पानं. "आज ताईंनी चौकात फक्त एकच हात वर केला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर दुसराही गेला असता."

संध्याकाळी काका म्हणायचे, "वाच." काकू वाचायच्या, आणि काका डोळे मिटून, त्यांना मिटायची गरज नसूनही, खुर्चीत मागं रेलून ऐकायचे. कधी मधेच अडवायचे. "थांब. तो उताराचा रस्ता म्हणजे छापखान्याकडचा ना? तिथं नवशिक्याला नेऊ नये. हँडब्रेकवर विश्वास नसतो त्यांचा." किंवा म्हणायचे, "वकिलाला सांग, परवानगी दिली म्हणून."

अशात एक दिवस शाळेच्या मालकांनी काकूंना कचेरीत बोलावलं. मालक काकूंहून बरेच लहान होते. बापाची शाळा चालवायला घेतली तेव्हा काकूंनीच त्यांना गाडी शिकवली होती, त्यामुळं रागवायची वेळ आली तरी ते काकूंकडे बघून रागवू शकत नसत. आज मात्र खुशीत होते.

"काकू, आता उन्हातान्हात फिरणं बस झालं. दुसरी शाखा उघडतोय. तिथली कचेरी तुम्ही सांभाळायची. खुर्ची, टेबल, पंखा. शिकवणाऱ्यांना कामं वाटून द्यायची, नवीन लोकांची नावं घ्यायची. पगारही वाढेल."

"आणि गाडी?"

"गाडी कशाला आता? गाडीपासून तर सोडवतोय तुम्हाला."

काकू "विचार करून सांगते" म्हणाल्या, आणि बाहेर पडल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. यात विचार करण्यासारखं काय होतं? पाठ दुखायची, हे खरं. उन्हाळ्यात गाडीत जीव नकोसा व्हायचा, हेही खरं. फोनवर मुलगा म्हणाला, "आई, डोळे झाकून हो म्हण. किती दिवस राबणार आहेस?" काका तर इतके खुलले की त्यांनी स्वतः चहा ठेवला आणि तो उतूही दिला नाही.

"आता तू खुर्चीत बसायचंस," ते म्हणाले. "झालं तेवढं खूप झालं."

दुसऱ्या दिवशी काकूंनी झाडाखाली गाडी लावली आणि वहीत लिहायला घेतलं. 'मी खुर्चीत बसले तर' असं वर लिहिलं. खाली लिहिलं, 'पाठ दुखणार नाही.' मग पेन थांबलं. सिस्टरनी एकदा वर्गात सांगितलं होतं की, जिथं हात अडतो तिथंच थांबा, पान उलटू नका. काकूंनी पान उलटलं नाही, पण मागची पानं मात्र चाळायला लागल्या, पार पहिल्यापासून.

सुरुवातीच्या पानांवर ठिकठिकाणी एकच वाक्य होतं. 'यांचे डोळे गेले म्हणून हे करावं लागतं.' कधी पाठदुखीनंतर लिहिलेलं, कधी पावसात टायर बदलल्यावर, कधी उगाचच, जसं आपण दमलो की 'अरे देवा' म्हणतो. मग वकील आले, नवरामुलगा आला, ताई आल्या, आणि ते वाक्य कमी कमी होत नाहीसंच झालं. काकूंना ते ठरवून गाळल्याचं आठवत नव्हतं. त्याला जागाच उरली नव्हती.

त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, थोडं घाईनं, कोणी बघण्याआधी चोरून खावं तसं:

'मला हे काम आवडतं. घाबरलेलं माणूस शेजारी येऊन बसतं, आणि एक दिवस त्याच्या लक्षातही न येता त्याचे खांदे खाली येतात. ते बघायला मला आवडतं. यांचे डोळे उद्या परत आले तरी मी हे सोडणार नाही. हे करावं लागतं हे खोटं आहे. पहिली काही वर्षं खरं असेल. नंतरचं खोटं.'

लिहून झाल्यावर त्यांनी वही पटकन मिटली. इतकी वर्षं सगळे ज्याला त्याग म्हणत होते आणि ज्याचं श्रेय त्या मान खाली घालून घेत होत्या, ते तर त्यांचं सुख होतं. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण त्या संध्याकाळी काका "वाच" म्हणाले तेव्हा त्यांनी वकिलांचं जुनंच पान वाचून दाखवलं.

"हे वाचलंयस," काका म्हणाले.

"आज काही घडलं नाही."

आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं अवघड असतं. त्याला चेहरा दिसत नाही, त्यामुळं तो आवाज नीट ऐकतो.

वर्गाच्या दिवशी जिना उतरताना काकूंनी सिस्टरना गाठलं. "एक पान लिहिलंय. घरी वाचून दाखवावंसं वाटत नाही."

"मग दाखवू नका. वही तुमची आहे."

"पण ते पान त्यांच्याबद्दलही आहे."

सिस्टर कठड्याला धरून थांबल्या. "हॉस्पिटलात मी एक शिकले. दुखतंय कुठं ते माणूस आधी दुसऱ्याच जागी दाखवतं. बघा, तुम्ही कोणाला जपताय, त्यांना की तुम्हाला मिळणाऱ्या कौतुकाला?"

काकूंना राग आला. पण जिना उतरून होईपर्यंत तो ओसरला.

त्याच दुपारी त्यांनी मालकांना जाऊन सांगितलं की खुर्ची नको. मालकांचा चेहराच पडला. "अहो, पण काकांनी तर मला... " असं म्हणून त्यांनी जीभ चावली.

"काकांनी काय?"

मालकांनी आधी टाळलं, मग सांगून टाकलं. महिन्यापूर्वी काका काठी टेकत एकटेच कचेरीत आले होते. म्हणाले होते की, तुमच्याकडे माझी बायको नोकरी करते ती माझ्यामुळं. तिचं आयुष्य मी रस्त्यावर आणलं. माझ्या हयातीत तिला एक खुर्ची द्या. मालकांना दुसरी शाखा काढायचीच होती, त्यांनी शब्द दिला.

"रडले हो ते," मालक म्हणाले. "मला काय करावं सुचेना. मी त्यांना पाणी दिलं."

काकू घरी आल्या त्या तडक काकांच्या खुर्चीसमोर बसल्या. चपलाही काढल्या नाहीत. काकांनी पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं.

"मालक बोलला वाटतं," ते म्हणाले.

"माझ्यासाठी मागायला गेलात, आणि मला विचारलं नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही म्हणालेच ना आज."

काकांचे हात मांडीवर एकमेकांना चाचपायला लागले. "अगं, तुला काय वाटतं, मला कळत नाही? रोज तू गेलीस की गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ऐकत बसतो. माझे डोळे नीट असते तर तू घरात असतीस. शिवणाचा क्लास काढायचा होता तुला. मला आठवतंय."

"मला आठवत नव्हतं," काकू म्हणाल्या, आणि ते खरं होतं. शिवणाचा क्लास त्यांच्या वहीत एकदाही आला नव्हता.

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि ते पान वाचायला घेतलं. 'यांचे डोळे उद्या परत आले तरी' इथं आल्यावर त्या क्षणभर थांबल्या, मग उरलेलं एका दमात वाचून मोकळ्या झाल्या.

बाहेर कोणीतरी दुचाकी सुरू करायचा खटाटोप करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"परत वाच," काका म्हणाले.

काकूंनी परत वाचलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला खात बसलो ते उगाच?"

"उगाच."

"आणि तू खुशाल मजा मारत होतीस."

"पाठ दुखायची," काकू म्हणाल्या. "पण हो."

काकांच्या तोंडून आधी एक चमत्कारिक आवाज निघाला. रडणार की काय असं काकूंना वाटलं, पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, जो ते नुसत्या सवयीनं घालायचे, आणि डोळे पुसले. "लबाड आहेस," ते म्हणाले. "लोक मला सांगायचे, तुमच्या बायकोचे पाय धुऊन पाणी प्या. आणि बायको इकडे वकिलाची गंमत बघत फिरतेय."

"तुम्हाला राग नाही ना आला?"

"येईल उद्या. आज जरा हलकं वाटू दे." मग थोड्या वेळानं, दुसऱ्याच आवाजात, ते म्हणाले, "मलाही आवडायचं गं ते. गाडी चालवणं. कोणी कधी विचारलं नाही. डोळे गेले एवढंच सगळे म्हणाले."

काकूंनी त्यांचा हात धरला. अंधार पडायला लागला तसा त्यांनी उठून दिवा लावला, स्वतःसाठी.

सकाळी काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते.

"कुठं?"

"मालकाकडे. शब्द मी मागितला होता, परत करायलाही मीच जायला हवं."

"मी सांगितलंय त्यांना. आणि जायचंच असेल तर मी सोडते गाडीनं."

"तू तुझ्या कामाला जा," काका म्हणाले. "मला रस्ता पाठ आहे."

काकूंनी वाद घातला नाही. त्या निघाल्या, पाळणाघरापाशी ताईंना घेतलं, आणि ताईंना चालवायला देऊन शेजारी बसल्या. ताई आज बऱ्या चालवत होत्या. चौक आला, गर्दी होती. ताईंचे खांदे कानापर्यंत वर चढले, पण हात स्टिअरिंगवरच राहिले. चौक मागं पडल्यावर ताईंनी इतका मोठा श्वास सोडला की समोरची काच धुरकट झाली.

शाळेच्या अलीकडच्या रस्त्यावर पायी ओलांडायचे पांढरे पट्टे होते. फुटपाथच्या कडेला इस्त्रीच्या सदऱ्यातला एक माणूस काठी पुढं करून उभा होता. गाड्या त्याच्या पुढून जात होत्या. काकूंचा पाय आपल्या ब्रेककडे गेला आणि तिथंच थांबला. टेकला नाही.

ताईंनी माणूस पाहिला. वेग कमी केला, क्लच दाबला, आणि पट्ट्यांच्या अलीकडे गाडी धक्का न देता उभी केली. मागचा एक जण हॉर्न वाजवायला लागला. ताई हलल्या नाहीत.

काकांनी मान किंचित कलती करून ऐकलं. मग ते रस्त्यात उतरले. काठी पट्ट्यांवर टेकवत, ताठ, बेतानं ते गाडीच्या अगदी समोरून चालले होते. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी मोकळा हात वर केला, गाडी चालवणाऱ्याच्या बाजूला, जसा एक टॅक्सीवाला रस्ता दिल्याबद्दल दुसऱ्याला करतो.

ताईंनीही नकळत हात वर केला, आणि लगेच स्टिअरिंगवर ठेवला.

"ओळखीचे आहेत का हो?" ताईंनी विचारलं. काकू काचेतून एकटक बघत होत्या.

"आहेत."

"हाक मारू?"

"नको," काकू म्हणाल्या. "कामाला निघालेत ते. पलीकडच्या फुटपाथवर चढू देत त्यांना. मग पहिला गिअर, सावकाश."